डबीवरचं नाव

७ ऑगस्ट, बुधवार

पहाटे पाचला दादाच्या दारात उभी होते, त्याच्या शौचाचा नमुना घ्यायला. अठ्ठावन्न वर्षांची बाई, चौतीस वर्षं उपकेंद्रात नर्सगिरी केलेली, निवृत्तीला तीन महिनेही उरले नाहीत, आणि नशिबात हे आलं. मोठा भाऊ लाजून दाराआड, वहिनी लाजून चुलीपाशी, आणि मी अंगणात प्लास्टिकची डबी धरून. शेवटी दारातून नुसता हात बाहेर आला आणि डबी घेऊन गेला. पाऊण तासाने तोच हात परत आला. तोंड काही दिसलं नाही.

डबी बर्फात न्यायची होती. गावात बर्फ एकाच ठिकाणी, मच्छीमार सोसायटीच्या थर्माकोलच्या खोक्यात. दादा सोसायटीचा अध्यक्ष, म्हणून तिथल्या बिरजूने काही न विचारता रोहू बाजूला काढून खोकं दिलं. पोंभुर्ण्यापासून चंद्रपूरपर्यंत एसटीत ते मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "मरळ हाये का जी?" मी नाही म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

दादाचा सुपारी-तंबाखूचा खर्रा तीस वर्षांचा. गेल्या वर्षी डावा गाल कापला, किरणांचा शेक दिला, तरी आजार मानेत परत आला. लिंबाएवढी गाठ आहे. किमो सोसली नाही. आता हे नवं इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी. चंद्रपूरच्या डॉक्टर निशा मॅडम वयाने माझ्या मुलीसारख्या, पण समजावून सांगतात. शरीराला राखणदार असतातच, ह्या आजाराने त्यांना बांधून ठेवलेलं असतं, इंजेक्शन त्यांचे दोर सोडतं. मोकळे झाले की ते चोराला धरतात, आणि कधीकधी घरच्यांनाही बडवतात. पुष्कळदा मार बसतो आतड्याला. कोणाच्या आतड्याला बसणार आणि कोणाच्या नाही, ते तिथे कोणते जंतू वस्तीला आहेत यावरून थोडं आधी कळेल का, हे त्या शोधताहेत. म्हणून ही डबी, प्रत्येक इंजेक्शनच्या सकाळी. "अजून सिद्ध काही नाही हं, सिस्टर," असं दोनदा म्हणाल्या. हे मला आवडलं. आमच्याकडे सिद्ध न झालेल्या गोष्टीच जास्त ठामपणे सांगतात.

दिवसात चारपेक्षा जास्त वेळा जावं लागलं किंवा रक्त दिसलं, तर लगेच फोन करायचा. मग इंजेक्शन थांबवून दुसरं औषध. वहिनीने ते 'थांबवून' परत विचारून घेतलं. बाकी काही विचारलं नाही.

रोज किती वेळा, याचा तक्ता माझ्याकडे दिला आहे. येताना दादा म्हणाला, "मंजे पोटातला गाळ पायतेत. तलावातला गाळ पायला का मासोळीचं समजते, तसं." मी म्हटलं, अगदी तसंच.

१४ ऑगस्ट, बुधवार

तक्ता: १, १, १, १, १, १, १. कुंपणावरून विचारते, "वहिनी, किती?" वहिनी एक बोट वर करते. तक्ता असा असावा.

दादा ज्वारीची आंबील पितो. तोंड दोन बोटंच उघडतं, दुसरं काही जातही नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

गाठ कमी झाली आहे. माझा विश्वास बसेना म्हणून मी डोळे मिटून परत चाचपली. लिंबाची सुपारी झाली म्हटलं तर दादा हसला. "सुपारीनंच आली, अन् सुपारी होऊनच जाईन." वहिनी रोज सकाळी आंघोळ झाली की आधी त्याची मान चाचपते, मग देवाला हात जोडते. मी नर्स, पण तिचं बोट माझ्याआधी खरं सांगतं.

आज बऱ्याच महिन्यांनी मला भूक लागली.

२८ ऑगस्ट, बुधवार

दुसरं इंजेक्शन. या वेळी पहाटे तमाशा झाला नाही. मी गेले तेव्हा डबी तयार, झाकण घट्ट, वरून दोन पिशव्या, त्यावर स्वच्छ फडकं गुंडाळलेलं. वहिनीनेच आणून हातात दिली आणि पदर सावरत आत गेली. दादाला शिस्त लागली म्हणायची. मी डबीवर नाव लिहिलं, मनसाराम मारबते, पुरुष, बासष्ट, वेळ पाच-चाळीस.

दादा चंद्रपूरला उतरल्या उतरल्या स्टँडच्या शौचालयात गेला आणि बराच वेळ आला नाही. वय झालं, लघवीचा त्रास असेल. एकदा तपासून घ्यायला हवं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

दोन दिवस हिवतापाच्या बैठका. नव्या मुलींनी काचपट्ट्यांवर नावं इतकी गिचमिड लिहिली होती की मला रागवावं लागलं. रक्ताचा थेंब घेणं सोपं असतं, तो कोणाचा हे नीट लिहिणं हे काम असतं. डॉक्टर साहेब म्हणाले, सत्यशीला सिस्टरांकडून शिका, चौतीस वर्षांत यांची एक काच चुकली नाही.

मी खाली पाहिलं. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या पावसाळ्यात महिनाअखेरीला ठरलेल्या आकड्याला दहा काचा कमी पडत होत्या. गोंडांच्या टोल्यावर, नाल्यापलीकडच्या वस्तीवर जायचं होतं, नाल्याला पाणी होतं. दादा तलावाच्या पाळीवर जाळं शिवत बसला होता, त्याने बोट पुढे केलं. एका बोटाच्या दहा काचा झाल्या, टोल्यावरची दहा नावं घातली. तेव्हा असं करणारी मी एकटी नव्हते. त्या दहांत टोल्यावरच्या चैतूचंही नाव होतं आणि चैतू पुढे पंधरा दिवसांनी गेला. पण तो तापानेच गेला असं कोणी म्हटलं नाही, कावीळ होती असंही बोलत होते.

उगाच काय काय आठवतं. पाय सुजले आहेत. बैठकीच्या दोन्ही दिवशी वहिनीला विचारायचं राहिलं, तक्त्यात एक-एक लिहून टाकलं. एकच असणार.

१२ सप्टेंबर, गुरुवार

दादा तलावावरच्या झोपडीत राहायला गेला. म्हणे शिंगाड्याची चोरी होते. शिंगाडा अजून धड धरलाही नाही. मी म्हटलं, बिरजू आहे की राखायला. तर म्हणाला, "मले तिथी गार वाटते." अध्यक्षाला कोण काय बोलणार. वहिनी दोन वेळा आंबील घेऊन जाते.

वहिनीने सोमवारी ओआरएसची पाकिटं मागितली. तिला चक्कर येते म्हणे. पाच दिली. दोन दिवसांनी आणखी मागितली, आणखी दिली. तिचा बीपी पाहिला, चांगला आहे. काळजीने होतं असं. मलाही होतं, पण मला कोण पाकीट देणार.

१८ सप्टेंबर, बुधवार

तिसरं इंजेक्शन. डबी पुन्हा तयार, पुन्हा फडक्यात. दादाचं वजन मात्र चार किलोने उतरलं आहे. निशा मॅडमनी विचारलं, पोट कसं आहे? दादा म्हणाला, "टकाटक." मी तक्ता पुढे केला, सगळे एक. तोंडाने खाणंच होत नाही तर वजन कुठून राहणार, असं मीच सांगितलं. त्यांना ते पटलं असावं. बाहेर तीस माणसं थांबली होती.

गाठ आता बोराएवढी. मॅडमनी मोजली आणि पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. वहिनी रडली. परत येताना मला एसटीत झोप लागली, रिकामं खोकं मांडीवर तसंच.

२५ सप्टेंबर, बुधवार

वहिनी उन्हाळ्यात सुकवलेला बेलफळाचा गर काढून कुटत बसली होती. कशाला, तर म्हणे असाच, कीड लागेल. मी थोडा मागितला तर चिमूटभर दिला. गोकुळावहिनी कधी चिमटीने देणारी नव्हती. आजारपण माणसाला कंजूस करतं.

३० सप्टेंबर, सोमवार

दुपारी निशा मॅडमचा फोन. आवाज जपून काढलेला. म्हणाल्या, "सिस्टर, पहिला नमुना आणि नंतरचे दोन एकाच माणसाचे वाटत नाहीत." प्रत्येकाच्या आतड्यातली वस्ती आपापली असते. औषधाने, आजाराने ती बदलते, पण इतकी नाही. पहिल्या डबीत जंतूंचे प्रकार कमी होते, त्यांना दादाची काळजी वाटत होती. पुढच्या दोन डब्या एखाद्या धडधाकट माणसाच्या असाव्यात तशा. "लेबल बदललं का कुठे? गावात आणखी कोणाचा नमुना होता का?"

मला फार राग आला. चौतीस वर्षं मी लेबलं लिहिते आहे. म्हटलं, मॅडम, तुमच्या लॅबमध्येच बघा, इथे चुकत नाही. त्या 'बरं' म्हणाल्या. त्यांनी वाद घातला नाही याचा जास्त राग आला.

१ ऑक्टोबर, मंगळवार

वहिनीला सांगितलं, बघा, लॅबवाले कसे दुसऱ्यावर ढकलतात. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग आता इंजेक्शन देनार नाई का?" मी म्हटलं, देतील की, नऊ तारखेला चौथं आहे. तिने निवडलेले तांदूळ परत सुपात ओतले आणि पहिल्यापासून निवडायला घेतले.

तक्त्यात एक.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दादा झोपडीमागे पडलेला सापडला. बिरजूने पाहिलं. धोतर रक्ताने भरलेलं. बीपी लागत नव्हता. एकशे आठची गाडी बोलावली, मी सलाइन लावलं, तिसऱ्यांदा शीर सापडली. झोपडीमागे पाण्याचे चार डबे ओळीने ठेवलेले होते आणि झुडपांतून नवी पायवाट पडली होती. दिवसातून कितीदा चाललं म्हणजे अशी वाट पडते, हे मला चांगलं कळतं.

५ ऑक्टोबर, शनिवार, चंद्रपूर

रात्रभर शिरेतून स्टिरॉइड चालू. आतडं फाटलेलं नाही. आतून सोललं आहे, मॅडम म्हणाल्या.

सकाळी वॉर्डबाहेरच्या बाकावर वहिनीने माझ्याकडे न बघता सांगितलं. "ते दोन डबे माहे होते, बाई."

मी तिच्याकडे वळले.

"दुसऱ्या इंजेक्शनाच्या पयलेपासूनच लागली होती त्याहिले. पयले चार, मंग आठ, मंग मोजनंच सोडलं. संडासात चिकट शेम पडे, मंग रगत. मी मनलं, बाईले सांगू. तं ते मनत, सांगशीन तं इंजेक्शन बंद करतीन. अन् गाठ तं रोज कमी होऊन राह्यली होती, बाई. माह्या बोटाले समजत होतं ना."

"मी रोज विचारत होते, वहिनी."

"तुमी कुंपनावरूनच इचारत होत्या."

हे ती रागाने बोलली नाही. म्हणूनच दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

मग मॅडमना मी स्वतः सांगितलं. डब्या खोट्या, तक्ता खोटा. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी डोळे चोळले. म्हणाल्या, ऑगस्टमध्येच कळलं असतं तर इंजेक्शन थोडे दिवस थांबवून गोळ्या दिल्या असत्या. आतडं शांत झालं की पुष्कळांना परत सुरू करता येतं. आता इतकं झाल्यावर हे इंजेक्शन त्यांना पुन्हा देता येणार नाही.

म्हणजे बंद होऊ नये म्हणून जे लपवलं, त्यानेच बंद झालं. हे वहिनीला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. दोन वाक्यांत सांगितलं आणि खाली जाऊन चहा आणला. तिने तो घेतला नाही. मीही नाही.

६ ऑक्टोबर, रविवार, चंद्रपूर

मॅडमना विचारलं, पहिल्या डबीवरून आधी कळलं असतं का? म्हणाल्या, एका माणसाबद्दल तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. खूप माणसांच्या खऱ्या डब्या जमल्या तर कदाचित पुढच्यांना सांगता येईल. त्या दोन डब्या त्यांनी यादीतून काढून टाकल्या आहेत. आता दादाच्या ह्या अवस्थेतला नमुना त्यांना हवा आहे, पण तो देणार असेल तर. जबरदस्ती नाही.

काढून टाकता येतात, हे ऐकून मला बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. माझ्या त्या दहा काचा कोणी काढल्या नाहीत.

७ ऑक्टोबर, सोमवार, चंद्रपूर

दादा शुद्धीवर, बोलतो आहे. आवाज बारीक. मी बेडपॅन घेऊन गेले तर त्याने तोंड भिंतीकडे केलं. वहिनी सरसावली. मी म्हटलं, नाही, आज मीच घेणार. सगळं मी केलं. पुसलं, पावडर लावली, डबी भरली. लहानपणी ह्याच्या पाठीवर बसून मी तलाव ओलांडला आहे. काय लाजायचं उरलं होतं कोण जाणे.

डबीवर नाव लिहायला घेतलं तेव्हा तो वळला आणि म्हणाला, "रागावली का, सत्या?"

"लॅबला काय, मॅडमला काय, सगळ्यांना फसवलंस. मलाही."

"तुह्यापासूनच तं शिकलो." तो त्या अर्ध्या तोंडाने हसला. मला बरं वाटावं म्हणून हसला, हे मला कळत होतं. "माह्या एका बोटाच्या दहा काचा केल्या होत्या ना तुनं? तवा तं कोनाचं काई बिघडलं नाई."

पेन तसंच डबीवर टेकलेलं राहिलं. शाई पसरली, दुसरं लेबल घ्यावं लागलं.

"लिव," तो म्हणाला. "ह्या खेपेले माहाच हाये."

२० ऑक्टोबर, रविवार

दादा घरी. स्टिरॉइडच्या गोळ्या रोज, थोड्या थोड्या कमी करायच्या. गाठ बोराएवढीच आहे. इंजेक्शन न देता अशीच राहील का, विचारलं तर मॅडम म्हणाल्या, काहींची राहते. कोणाची, ते माहीत नाही. वहिनी अजून रोज सकाळी मान चाचपते. मी आता घरात जाऊन विचारते, तो खाटेवर असतो, मी खाली बसते.

३० ऑक्टोबर, बुधवार

निरोप समारंभ. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. डॉक्टर साहेबांनी तेच वाक्य परत म्हटलं, एक काच चुकली नाही. टाळ्या झाल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, पाय दुखतात, आणि बसले. लोक हसले.

शाल पिशवीत घालून टोल्यावर गेले. आता नाल्यावर पूल आहे, दहा मिनिटांचा रस्ता. चैतूची बायको कलाबाई अंगणात उडीद झोडत होती. केस पांढरे झाले आहेत, हात तसेच आहेत. मी बसले आणि जे सांगायचं ते सांगितलं. चैतूच्या नावाच्या काचेत चैतूचं रक्त नव्हतं.

"मले मालूम हाये," ती म्हणाली.

मी विचारलं, कसं?

"त्याले सुई लागलीच नाई, तं रगत कुठून येईन? तुमी येनार मनून सांगून गेल्त्या. तो सकाळपासून बोट धुऊन बसला होता. नाल्याले पानी आलं, आमाले समजलं, बाई येत नाई आता." तिने काठी खाली ठेवली. "पर मंग तुमचा कागद आला. चैतूले काई नाई, लिवलं होतं. आमी मनलं, सिस्टर शिकली हाये, तिले सुई न लावता बी समजत असन. मनून मोठ्या दवाखान्यात नेलंच नाई त्याले."

माझ्या तोंडून माफीचा शब्द आला. तो तिला पोचला की नाही, कळलं नाही. ती म्हणाली, चहा ठेवते, आणि चूल पेटवायला उठली. मी प्यायले. साखर जास्त होती. निघताना तिने उडदाची पिशवी दिली, भावाला आजार आहे ऐकलं म्हणून. नको म्हणायची माझी लायकी नव्हती. घेतली.

घरी आले ती दादाकडेच गेले. विचारलं, किती वेळा? त्याने तीन बोटं दाखवली. तक्त्यात तीन लिहिलं.

मग मागची पानं उलटली. वहिनीने सांगितलेले एकचे आकडे मी तसेच ठेवले, बाजूला लिहिलं की ते खोटे होते आणि का होते. सप्टेंबरातल्या त्या बैठकीच्या दोन दिवसांचे एक मात्र खोडले. ते कोणी मला सांगितलेच नव्हते. तिथे लिहिलं, विचारलं नव्हतं, आणि खाली सही केली.